भट्टीचा कान

आमचे मामा कुठलीही वस्तू आधी बघायचे नाहीत, ऐकायचे. नवा कुकर घरात आला की पहिली शिट्टी होईपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात मान वाकडी करून उभे. रिक्षातून उतरताना रिक्षावाल्याला सांगायचे, "पावणं, मागच्या चाकाचं बेरिंग बघून घ्या." दारात कुणी चप्पल काढत असलं तर आत बसून ओळखायचे कोण आलंय ते, आणि मामी त्या हिशेबानं चहात दूध घालायची किंवा हात आखडता घ्यायची. मामांना जाऊन आता बरीच वर्षं झाली. पण डावा कान पुढं काढून, तोंड किंचित उघडं ठेवून उभं राहायची त्यांची ढब मला अजून तशीच दिसते.

शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत ते भट्टीवर होते. उंच नळकांड्यासारखी भट्टी, वरून कोक, म्हणजे भाजलेला दगडी कोळसा, आणि भंगार लोखंड टाकायचं, खालून ब्लोअरनं वारा मारायचा आणि तळाच्या तोंडातून लाल रस काढून साच्यात ओतायचा. वरचा माल कधी कधी मध्येच अडकून बसतो आणि मग एकदम खाली कोसळतो. कोसळला की तोंडातून रस उसळतो आणि समोर उभ्या माणसाच्या अंगावर येतो. माल अडकला की ब्लोअरचा आवाज बदलतो म्हणे. म्हणे अशासाठी, की नव्वदच्या दशकात शाळेच्या सुट्टीत मी गारगोटीहून मामांकडं यायची तेव्हा हट्टानं एकदोनदा तिथं गेले होते आणि मला नुसती घरघर ऐकू आली होती. मामांना मात्र कळायचं. कळलं की ते उजवा हात वर करायचे. त्या गोंगाटात ओरडण्याचा उपयोग नसतो. हात वर गेला की माणसं हातातलं काम टाकून मागं सरायची, का म्हणून कुणी विचारायचं नाही.

याच फाउंड्रीत मामा तरुणपणी कोक वाहायला लागले होते. त्या काळी नाव सांगितलं तरी लोक आडनाव विचारायचे, आडनाव सांगितलं की गाव विचारायचे, आणि गाव कळलं की गावातला कुठला भाग ते विचारायचे. मामा हे सगळं हसत सांगायचे, पण पाण्याच्या पिंपाजवळ कोण कसं उभं राहायचं ते सांगताना हसायचे नाहीत. त्याच माणसांना आता मामांच्या हातावर नजर ठेवून काम करावं लागत होतं. मालक बाहेरच्या लोकांना त्यांची ओळख करून देताना म्हणायचे, "हा आमच्या भट्टीचा कान." मामांनी आयुष्यात दुसरी कुठली पदवी मागितली नाही. घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली भावंडांच्या मुलांची शाळा-कॉलेजची सर्टिफिकिटं चौकटीत लावलेली होती, आणि मला वाटतं त्या रांगेत आपलीही एक न दिसणारी चौकट आहे असं त्यांना वाटत असणार.

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "यंत्र खोटं बोलत न्हाय पोरी. खोटं असत्यात ती आपलं कान." हे वाक्य ते कुकरला लावायचे, सायकलीला लावायचे, एकदा मामीच्या शिलाई मशीनला लावलं तेव्हा मामीनं त्यांना दोन दिवस भाजीत मीठ कमी घालून खायला लावलं होतं. भट्टीवरचे बाकीचे लोक कानात कापसाचे बोळे घालायचे. मालकांनी नंतर रबरी बोळेही आणून दिले. मामांनी ते कधी वापरले नाहीत. "कानात बोळं घातल्यावर ऐकू काय, माझं कपाळ?" असं म्हणायचे. म्हणजे ज्या माणसाचा कान सगळ्यात महत्त्वाचा, तोच कान दिवसभर उघडा. यात काही चुकतंय असं आमच्यापैकी एकालाही वाटलं नाही. उलट आम्हाला त्याचा अभिमान होता.

दोन हजारचं दशक संपत आलं तेव्हा मी डिप्लोमा करून मामांकडंच राहत होते, राजारामपुरीच्या शेवटच्या गल्लीत, दोन खोल्यांच्या घरात. फाउंड्र्यांना साचे करायला जे लाकडी पॅटर्न लागतात, त्यांची ड्रॉइंग मी कॉम्प्युटरवर करून द्यायची. त्यासाठी जुना लॅपटॉप घेतला. दुकानदार म्हणाला, "ताई, गेमिंगचा घ्या. पोरांच्या खेळाला जो पळतोय, तो ड्रॉइंगला कुठं मागं पडतोय?" कुणा डॉक्टरच्या मुलानं खेळून खेळून विकलेला तो काळाकुट्ट लॅपटॉप, बटणांखाली लाल दिवे, उघडला की एखादं जनावर डोळे उघडतंय असं वाटायचं. वजन असं, की मांडीवर घेतला तर पाय झोपायचे.

आणि तो ओरडायचा. साधं पत्र टाइप करत असलं तर गुमान. पण मोठं ड्रॉइंग फिरवायला घेतलं, त्याला सगळ्या बाजूंनी रंग-सावल्या द्यायला सांगितलं, की आतला पंखा आधी सुस्कारा टाकायचा, मग चढत चढत शेजारच्या घरात ऐकू जाईल इतका वाजायचा. मामी स्वयंपाकघरातून म्हणायची, "गिरण लावलीस व्हय गं सुजे? थांब, मी दळाण घेऊन येतो." आमच्याकडच्या बायका बोलताना स्वतःला पुरुषासारखं बोलतात, हे बाहेरच्यांना सांगावं लागतं. मामांना मात्र तो आवाज फार आवडला. कामावरून आले की हातपाय धुऊन शेजारी बसायचे आणि कान लावायचे. बाहेरच्या खोलीतून सुद्धा सांगायचे, "सुजा, तापाय लागलं बघ तुझं." माझ्या लक्षात यायच्या आधी त्यांना कळायचं.

एकदा मी ड्रॉइंग लावून अंघोळीला गेले. परत येऊन बघते तर पंखा किंचाळत होता आणि स्क्रीनवरचं चित्र मुंगीच्या पावलानं पुढं सरकत होतं. लॅपटॉपच्या मागच्या जाळीला मामांचा खांद्यावरचा टॉवेल चौघडी करून नीट दाबून बसवलेला. मामा शेजारी खुशीत बसलेले. म्हणाले, "लई तापलंतं. वारं तोडलं मी. आता निवल बघ."

मी टॉवेल काढेपर्यंत लॅपटॉप बंद पडला. सकाळपासूनचं काम गेलं. मी चिडले, मोठ्यानं बोलले, आणि मग मला त्यांचं तोंड दिसलं. चूक त्यांच्या जागी बरोबरच होती. जन्मभर त्यांनी एकच पाहिलं होतं, वारा मारला की आग वाढते आणि वारा तोडला की भट्टी निवते. पंख्याचा आवाज वाढतो आणि यंत्र तापतं, म्हणजे पंखाच ते तापवतोय, असा त्यांनी सरळ हिशेब केला होता.

मग मी त्यांना समजावलं. म्हटलं, मामा, हा वारा आग लावायचा नाही, आग बाहेर न्यायचा. याच्या आत एक मेंदू आहे, प्रोसेसर म्हणतात त्याला. काम नसलं की तो हळू चालतो, उगीच वीज खात नाही. काम आलं की पळायला लागतो, जड काम आलं तर आपल्या नेहमीच्या चालीपेक्षाही जोरात, थोडा वेळ. जितका पळेल तितकी वीज घेतो आणि तितका तापतो. तापला की पंखा जोरात फिरतो. तरीही निवलं नाही तर तो आपणहून चाल कमी करतो, म्हणून मघाशी चित्र रखडत होतं. त्यानंही भागलं नाही तर बंदच पडतो, जळायला नको म्हणून.

मामांनी हे सगळं खाली बघून ऐकलं. मग विचारलं, "तापलं हे त्येला कोण सांगतंय?"

"आत सेन्सर असतोय की. बारका. त्यो सारखा ताप बघत बसतोय."

"म्हंजे मीच की त्यो." त्यांना फार आनंद झाला. "पर शाणं हाय हे. आपलं आपण हळू हुतंय. आमच्या भट्टीला येवढी अक्कल असती तर मला कोण ठेवून घेतंय?" थोडा वेळ जाळीतून येणाऱ्या गरम वाऱ्यावर त्यांनी तळहात धरला. मग म्हणाले, "आणि त्यो सेन्सरच बिघडला तर गं?"

मी चार्जर शोधत होते. म्हटलं, "मग काय, जळायचं."

पुढच्या वर्षभरात घरात काहीतरी बदलत गेलं आणि आम्ही त्याला वेगवेगळी नावं देत राहिलो. मामा कमी बोलायला लागले. कुणी काही विचारलं की तोंडाकडं टक लावून बघायचे आणि म्हणायचे, "व्हय की." मामीनं एकदा विचारलं, "आमटी खारट झाल्या का?" तर म्हणाले, "व्हय की." मामीनं चाखून बघितली, अळणी होती. मग तिनं मुद्दाम विचारलं, "तुमच्या भणीला कुत्रं चावलं म्हणं?" तर त्यालाही "व्हय की". मामी आणि मी पोट धरून हसलो, आणि मामाही आमच्याकडं बघून हसले. गारगोटीहून आलेली माझी आई शेजारी बसली होती. आपल्याला कुत्रं चावल्याचं ऐकून तीही हसली. त्या हसण्याची आठवण मला आता नकोशी वाटते.

मामी म्हणायची, वय झालं, माणूस घुमं झालं. मला वाटायचं, कामाचा ताण असेल. कामावर जाताना एकदा मागून एसटी हॉर्न वाजवत आली आणि मामा सायकल बाजूला घेईनात, म्हणून कंडक्टरनं खाली उतरून त्यांना शिव्या दिल्या, असं गल्लीतल्या एकानं येऊन सांगितलं. मामा म्हणाले, वारं उलटं होतं.

मग एका दिवशी ते कामावरून आले आणि हातपाय न धुताच बसले. ताट वाढलं तर जेवले नाहीत. भट्टीतला माल कोसळला होता, रस उसळला होता, आणि तोंडाशी उभ्या असलेल्या बाबू नावाच्या कामगाराच्या पायावर पडला होता. जोड्यांमुळं थोडक्यात निभावलं, पण घोट्याच्या वर कातडं सोललं होतं. हात वर जायला उशीर झाला होता. मामी काही विचारणार, तेवढ्यात मामाच भिंतीकडं बघत म्हणाले, "आज भट्टी खोटं बोलली."

जन्मात पहिल्यांदा त्यांनी यंत्राला खोटं ठरवलं होतं. पण तेव्हाही मला पुरतं कळलं नाही. कळलं ते त्यानंतरच्या सुट्टीच्या दिवशी दुपारी. उन्हाळा होता, पत्रा तापला होता. मी एक मोठं ड्रॉइंग लावलं होतं आणि पंखा इतका वाजत होता की माझंच डोकं उठलं. मामा शेजारी, हाताच्या अंतरावर, पेपर वाचत बसले होते. पान उलटताना लॅपटॉपकडं बघून कौतुकानं म्हणाले, "आज गप हाय की तुझं यंत्र. सुदारलं म्हणायचं."

मी ड्रॉइंग तसंच चालू ठेवलं. उठून स्वयंपाकघरात गेले आणि मामीला सांगितलं. तिनं हातातला पोळपाट खाली ठेवला. त्यांना कमी ऐकू येतंय एवढीच गोष्ट असती तर घरोघरी म्हाताऱ्यांना कमी ऐकू येतंच. पण हा माणूस रोज भट्टीपुढं उभा राहत होता आणि बाकीची माणसं त्याच्या हाताकडं बघून उभी राहत होती.

मामीनं त्याच संध्याकाळी विषय काढला. तोंडासमोर उभं राहून, एकेक शब्द सुटा करून. मामा असे संतापलेले मी कधी पाहिले नव्हते. "मला ऐकू येत न्हाय? मला? ब्लोअर मला पायातनं कळतोय. पाइपला हात लावला की हातातनं कळतोय. तुमी मला शिकवणार व्हय भट्टी?" मामी म्हणाली, "मग बाबूच्या पायाचं का न्हाय कळलं?" ते उठून बाहेर गेले आणि गल्लीच्या तोंडाशी कट्ट्यावर बसून राहिले. मामीही हट्टी. तिनं बोलावलं नाही.

दोघांचा अबोला पुढचा आठवडाभर चालला. मामा रोज सकाळी डबा घेऊन जात होते आणि आम्ही दोघी ते संध्याकाळी परत येईपर्यंत रस्त्याकडं डोळे लावून होतो. त्यांच्यासाठी नाही, हे सांगायला हवं. इतर कुणाचं काही झालं अशी बातमी येऊ नये म्हणून. आपल्या माणसाची भीती वाटण्यासारखं दुसरं दुःख नाही. मालकांना जाऊन सांगावं असं माझ्या मनात येत होतं आणि त्या रांगेतल्या चौकटी बघून धीर होत नव्हता.

शेवटी तोड मामांनीच काढली. सुट्टीच्या सकाळी माझ्यासमोर येऊन बसले, मांडी घातली. म्हणाले, "सुजा, तुझं यंत्र लाव. मोठं काम दे त्येला. मी डोळं झाकून बसतो. आवाज वाढला की हात वर करतो, भट्टीवर करतोय तसा. मग तुमी बोलायचं न्हाय, आणि न्हाय जमलं तर मी बोलणार न्हाय."

त्यांनी डोळे मिटले. पाठ ताठ, डावा कान पुढं, उजवा हात मांडीवर तयार. मी माझ्याकडचं सगळ्यात जड ड्रॉइंग लावलं. पंख्यानं सुस्कारा टाकला. हात हलला नाही. आवाज चढला. मी मनातल्या मनात म्हणत होते, मामा, आता. आता करा. पंखा पुरता ओरडायला लागला. मामी पिठाचे हात घेऊन दारात येऊन उभी राहिली. मामा तसेच बसले होते, कपाळाला आठ्या घालून, सगळा जीव कानात आणून. हात मांडीवरच होता.

मग डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले, "लाव की गं. कवाधरनं बसलोय."

मामीच्या तोंडून हुंदका आला, तोही त्यांनी ऐकला नाही. काहीच होईना म्हणून त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडं बघितलं, मग दारात मामीकडं. मग हात पुढं करून तळहात जाळीसमोर धरला. भसाभस गरम वारा येत होता. त्यांनी हात तिथंच ठेवला. मला त्या वेळी त्या यंत्राचा इतका राग आला की खिडकीतून फेकून द्यावंसं वाटलं.

"किती येळ झाला?" त्यांनी विचारलं.

मी हातानंच सांगितलं, बराच.

"सेन्सर गेला म्हण की," मामा म्हणाले. माझं ते तोंडातून निसटलेलं उत्तर त्यांच्या लक्षात होतं की काय कोण जाणे. मामी त्यांच्याजवळ येऊन बसली. तिच्या हाताचं पीठ त्यांच्या सदऱ्याला लागलं आणि कुणी ते झटकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ते स्वतः मालकांच्या केबिनमध्ये गेले आणि सांगून आले. मालक म्हणाले, थोडे दिवस चालवून घेऊ, सगळ्यांचंच होतं असं. मामांनी ऐकलं नाही. घरी येऊन आम्हाला म्हणाले, "तापलं की ते यंत्र सुदिक हळू हुतंय. माझ्या पायी कुणाची पोरं कशाला भाजू?" पाय बरा झाल्यावर बाबूलाच त्यांनी भट्टीवर उभं करायला सांगितलं. ज्याचा पाय आपल्यामुळं भाजला, त्याच्याच कानावर त्यांनी भरवसा टाकला. महिनाभर त्याच्याजवळ उभे राहिले. आवाज कसा बदलतो ते सांगताना त्यांना आठवणीतूनच सांगावं लागत होतं. बाबूचा हात पाइपवर धरायचे आणि त्याच्या तोंडाकडं बघून विचारायचे, "आता काय ऐकू येतंय? मला सांग." पहिल्याच दिवशी त्यांनी मालकांसमोर बाबूला बजावलं की घाणा संपला, म्हणजे रस ओतून झाला, की कानात बोळे घालायचे आणि मालकांना बजावलं की एकाच माणसाला वर्षानुवर्षं उभं करायचं नाही. मालकांनी ते ऐकलं.

मामांना गेटवर काम मिळालं. आलेल्या गाडीला आत सोडायचं, निघालेलीला बाहेर. पुढं मला पुण्यात नोकरी लागली. जायच्या आधी एका पॅटर्नचं ड्रॉइंग दाखवायला मी फाउंड्रीत गेले होते. गेटच्या आत स्टुलावर मामा बसले होते, रस्त्याकडं तोंड करून. भट्टी त्यांच्या पाठीमागं, शेडमध्ये, पेटलेली होती. त्यांना स्टूल फिरवून बसता आलं असतं. पण ते रोज असेच पाठ करून बसतात, असं गेटवरच्या दुसऱ्या वॉचमननं मला नंतर सांगितलं.

मी समोर जाऊन उभी राहिले तेव्हा त्यांचा चेहरा उजळला. माझ्या लॅपटॉपच्या पिशवीवर हात ठेवून म्हणाले, "गरम हाय. बंद न करताच घातलास व्हय आत? त्येला वारा मिळू दे की." मी हसले, आणि हसता हसता माझी नजर त्यांच्या खांद्यावरून मागं गेली. शेडमध्ये बाबूचा उजवा हात वर गेला होता. तोंडाशी उभी असलेली माणसं हातातलं टाकून मागं सरली. क्षणभरानं लाल उजेड उसळला आणि रिकाम्या जमिनीवर पडला.

मामांनी वळून बघितलं नाही. ते माझ्या तोंडाकडं बघत होते.

"हात वर केला का त्यानं?"

मी मान हलवली.

"येळंवर?"

मी पुन्हा मान हलवली.

"सगळी मागं सरली?"

"सरली, मामा," मी म्हणाले.

"मग झालं," ते म्हणाले, आणि गेटवर आलेल्या टेम्पोला आत सोडायला उठले.